बुधवारची गोळी

आमच्या निवासी केंद्रात रात्रीच्या गोळ्या रांगेत देतात. सिस्टर गोळी जिभेवर ठेवतात, वर घोटभर पाणी, मग ‘तोंड उघडा, जीभ वर करा’. गोळी गालात दडवून नंतर थुंकू नये म्हणून. ताई अकरा वर्षं या रांगेत उभ्या राहिल्या. आणि गेल्या आठवड्यात डिस्चार्जच्या मीटिंगमध्ये त्यांच्या फॉर्मवर ‘औषध स्वतः घेते का?’ यापुढे ‘नाही’वर खूण झाली.

मी इथे सोशल वर्कर आहे. ताईंना स्किझोफ्रेनिया आहे, पण तीन वर्षांत आजार एकदाही उलटलेला नाही. बाहेर सहा जणी मिळून राहतात अशा एका घरात जागा झाली, तेव्हा मी त्यांचं नाव दिलं आणि तयारीला लागले. सुरुवात गोळ्यांपासून. पहिले दोन आठवडे स्ट्रिप माझ्या हातात. कुठली गोळी कधीची, कशासाठी, हे त्यांनी सांगायचं. पुढचे दोन आठवडे गोळी त्यांनी काढायची, मी फक्त बघायचं. मग सात कप्प्यांची डबी त्यांच्या ताब्यात आणि रविवारी मोजणी. पहिल्याच रविवारी मी डबी उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “बुधवारची राहिली हो. लवकर डोळा लागला.” मला केवढा आनंद झाला! गोळी कधीतरी कुणाचीही चुकते. ती चुकल्याचं आपणहून सांगणारं माणूस बाहेर टिकतं, हे मी कितीदा पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात डबी औषधांच्या कपाटात गेली. वॉर्डात सुट्या गोळ्या नकोत, असं इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं. चाळीस बायका आणि रात्री एकच सिस्टर, त्यांची भीती मला कळते. पण मग फॉर्मवरचा तो ‘नाही’ ताईंचा कसा? पैशांचा व्यवहार जमतो का? पैसे ऑफिसात जमा असतात. एकटी बाहेर जाते का? गेटची किल्ली वॉचमनकडे. आपण काढून घ्यायचं आणि वर येत नाही म्हणून लिहायचं, याला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

“न्यायला कुणी येणार आहे का?” डॉक्टरांनी विचारलं. भाऊ फोनवर एवढंच म्हणतो, “ती तिथंच बरी आहे.” मी मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधलं कलम 19 छापून नेलं होतं. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा बाहेर सोय नाही, केवळ एवढ्यावरून कुणालाही संस्थेत ठेवून घेता येत नाही. डॉक्टरांनी ते नीट वाचलं. माणूस चांगला आहे, उगाच औषधांचा मारा करत नाही. म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण उद्या काही झालं तर सही माझी असते.” आणि पान उलटून माझीच नोंद वाचली: “एक डोस चुकला.”

पुढे मी लिहिलं होतं, ‘स्वतःहून सांगितलं’. ते त्यांनी वाचलं नाही. मी वाचून दाखवलं, तोवर ‘सहा महिन्यांनी बघू’ असं लिहून झालं होतं. ताईंना आत बोलावलं ते त्यानंतर, निर्णय ऐकवायला.

व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, “मी बुधवारचं सांगितलं म्हणून का हो?”

मी नाही म्हणाले. कशाच्या आधारावर म्हणाले, कोण जाणे.

कायद्यानुसार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागायचा हक्क ताईंचा स्वतःचा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला. डबीबद्दल, कपाटाबद्दल, भावाच्या फोनबद्दल त्या न अडखळता सांगत गेल्या. सही करायच्या आधी मात्र म्हणाल्या, “यात बुधवारचं नको लिहायला.”

माझ्या मते त्यांच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे, सहीविना. उद्या परत बसायचं ठरलंय.