आमची वाटचाल : रेलिंगपासून रुळापर्यंत

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं शेड. मूळ धंदा जिन्याची रेलिंगं, ग्रिल, गेट. २०१२ साली गल्लीतला एक पोरगा शॉर्टफिल्म काढत होता. ट्रॅक-ट्रॉलीचं, म्हणजे रुळांवरून कॅमेरा ढकलायच्या गाडीचं भाडं त्याच्या अख्ख्या बजेटपेक्षा जास्त. म्हणाला, "काका, कॅमेरा सरळ रेषेत ढकलायचाय, बास." ऐकायला सोपं वाटलं, म्हणून हो म्हणून बसलो.

पाऊण इंची प्लायवूड घेतलं. चार कोपऱ्यांना उलट्या व्हीसारखे लोखंडी अँगल, प्रत्येकाला स्केटिंगची चार चाकं. म्हणजे सोळा चाकं आणि बत्तीस बेअरिंगं. रूळ म्हणून नळाचा पीव्हीसी पाइप. शेडमधल्या कोब्यावर ट्रॉली लोण्यासारखी पळाली. पन्हाळ्यावर मात्र एप्रिलच्या उन्हात पाइप मऊ पडला आणि खाली टेकू दिलेल्या दोन ठोकळ्यांच्या मधे झोळ आला. मॉनिटरवर कॅमेरा होडीत बसल्यासारखा दिसत होता. पोरगा एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागलं.

मग घरचीच नळी काढली. रेलिंगला लागणारी दीड इंची स्टेनलेस, १.६ मिमी जाडीची. आठ फुटी तुकडा साडेतीन किलोचा, एक माणूस चार सहज उचलतो. ती वाकत नाही, गंजत नाही. पण दुखणं सांध्यात निघालं. दोन नळ्या जोडायला आत बसणारी खुंटी लेथवर काढली, तर ती आत जाईना. नळी पत्रा वळवून वेल्ड केलेली असते, त्या वेल्डची बारीक रेघ आतून उभी असते. रेलिंगमध्ये ती कधी आडवी येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं आमच्या लक्षातही आली नव्हती. प्रत्येक तोंड कानशीनं घासायचं म्हटलं तर दिवस जायचा. आमच्या मेस्त्रींनी खुंटीच्याच अंगावर लांबीभर एक चपटी पट्टी काढली. रेघ त्या जागेत बसते. आजही तीच पद्धत आहे.

तरी सांध्यावर 'टक्' व्हायचंच, कारण दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर यायचे आणि दोन्हीकडची चाकं एकदम आदळायची. वीस फुटी नळीतून आठ-आठ फुटी दोन तुकडे निघाले की चार फूट उरतात. तो तुकडा भंगारात जायचा. एका रुळाची सुरुवात त्या चार फुटी तुकड्यानं केली, सांधे मागेपुढे झाले आणि धक्का जवळजवळ गेला. भंगारातून सापडलेलं उत्तर.

दोन रुळांमधलं अंतर आम्ही ६२ सेंटिमीटर ठेवलं. बाहेरच्या बऱ्याच ट्रॉल्यांचं तेच असतं, म्हणजे गिऱ्हाइकाला आमची ट्रॉली भाड्याच्या रुळांवरही चालवता येते. चाकांच्या बाबतीत मात्र एकदा तोंडावर पडलो. ट्रॉली वजनासकट महिनाभर एका जागी उभी राहिली, मऊ चाकांना सपाट डाग पडले आणि धडधड सुरू झाली. आता माल देताना पहिलं सांगतो, काम झालं की ट्रॉली उलटी ठेवा.

मधे गिंबल, म्हणजे हातात धरलेला कॅमेरा स्थिर ठेवणारे दांडे, स्वस्त झाले आणि वर्षभर फोन वाजला नाही. एका निर्मात्याकडे पैसेही अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत. रेलिंगनं तारलं. पण हातात गिंबल घेऊन चालणाऱ्याच्या पावलांची वरखाली बारीक हालचाल लांब लेन्सवर कळतेच, आणि सावकाश पुढे सरकणारा शॉट घ्यायचा तर रूळच लागतो. गिऱ्हाईक हळूहळू परतलं.

पाहुणे विचारतात, हे मुंबईचं काम कोल्हापुरात कसं? याच गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी आपले साथीदार दामल्यांना बरोबर घेऊन शंभर वर्षांपूर्वी आख्खा कॅमेराच घडवला होता. त्यांच्यापुढे आमची ट्रॉली म्हणजे खेळणं, पण गावाला सवय आहे म्हणायची.

सध्या गोल रुळाचं काम काढलंय. पूर्ण वर्तुळाचे आठ तुकडे करायचे. वळणावर चाकांच्या जोड्या फिरत्या ठेवाव्या लागतात, ते जमलं. नळी वळवताना चपटी होते म्हणून आत कोरडी वाळू ठासून रोलरवर चढवतो. सात तुकडे बसले. आठवा दोन मिलीमीटर बाहेर जातोय. मेस्त्री म्हणतात नळीचा दोष, मी म्हणतो रोलरचा. सोमवारी परत चढवणार.