डबीतली पोकळी

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल उतरत आला की सेकंदकाटा हमखास नवाच्या आसपास अडखळतो. तिथे काटा आडवा असतो आणि त्याला वर चढायचं असतं. थकलेल्या सेलमध्ये तेवढा जोर उरत नाही, मग काटा जागच्या जागी थरथरत राहतो. गंमत म्हणजे तेव्हाही आतली मोजणी बहुधा ठीकच चाललेली असते. दमतो तो हमाल, हिशेबनीस नव्हे.

हा हिशेबनीस राहतो तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या डबीत. क्वार्ट्झचा इवलासा चिमटा, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडला. चिमटा 25 अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत जलद चालतो. थंडी वाढो की ऊन, दोन्हीकडे मागेच पडतो. मे महिन्यात नागपुरात गच्चीखालची भिंत 45 अंशांवर गेली, तर दिवसाला साधारण 1.2 सेकंद गेले म्हणायचे.

डबीतली हवा काढून घेतलेली असते, नाहीतर चिमट्याची थरथर तिनेच खाल्ली असती. घड्याळ आपटून डबीचं सील फुटलं की तेच होतं.

पण हवा काढली म्हणजे डबी रिकामी झाली का? शेवटचा रेणू काढा, निरपेक्ष शून्यापर्यंत गार करा, तरी आतल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या प्रत्येक कंपनसंख्येच्या वाट्याची किमान अर्धा पुंज (पुंज म्हणजे ऊर्जेचा सर्वांत लहान हप्ता) ऊर्जा शिल्लक राहतेच. 1948 मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिर यांनी दाखवलं की या पोकळीपायी दोन धातूच्या पाट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. आदर्श पाट्यांमध्ये 100 नॅनोमीटरचं अंतर असेल तर चौरस मीटरला 13 न्यूटन. अंतर 10 नॅनोमीटर केलं की थेट वातावरणाच्या दाबाएवढी ओढ. मोजणं मात्र जिकिरीचं. पाट्या तंतोतंत समांतर राहत नाहीत, म्हणून 1997 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लॅमोरो यांनी एक पृष्ठभाग गोलाकार घेतला. शिवाय धातूंमधला उरलासुरला विद्युतदाब आधी उलटा दाब देऊन मारावा लागतो, नाहीतर आपण भलतंच बल मोजत बसतो.

यातून फुकट वीज काढू पाहणारे नेहमी एक गोष्ट विसरतात: पाट्या जवळ येताना मिळालेली ऊर्जा त्यांना पुन्हा दूर करताना मोजून परत द्यावी लागते.

खरी पंचाईत या अर्ध्या-अर्ध्या पुंजांच्या बेरजेत आहे. कंपनसंख्या जितकी वरची, तितका तिचा वाटा मोठा, आणि तशा कंपनांची गर्दीही जास्त. बेरीज सेकंदाला सुमारे 10⁴³ कंपनांपर्यंत नेली, म्हणजे ज्याच्या पलीकडे काळाचे तुकडे करायला आजचं भौतिकशास्त्र धजत नाही तिथवर, तर उत्तर विश्वात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे 10¹²⁰ पट येतं. एवढी चूक किराणा दुकानाच्या वहीतसुद्धा खपणार नाही.

माणूस त्या टोकापासून फार लांब आहे. 1967 पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या अणूशी जुळणाऱ्या लहरींची 9,192,631,770 कंपनं. स्ट्रॉन्शियमची घड्याळं सेकंदाला सुमारे 429 लाख कोटी कंपनं मोजतात, आणि 2022 मध्ये अशा प्रयोगात एका मिलिमीटरच्या उंचीनेही काळाच्या गतीत पडणारा फरक दिसला (गुरुत्वाकर्षणामुळे खाली काळ किंचित सावकाश चालतो). त्या हिशेबाने एक मजला वरचं घड्याळ वर्षाला सुमारे 10 नॅनोसेकंद पुढे जायला हवं. गच्चीखालचं ऊन तेवढे एका क्षणात खाऊन टाकतं.