शिराळ्याहून निघालेला थंड वारा

सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातील एका बेदाणा शेडचे काम मी पाहतो. मार्च-एप्रिलमध्ये शेडमधील रॅकवर द्राक्षे थरावर थर पसरलेली असतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेला हा माल वाळायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात वळवाची एखादी तिरकी सर आत शिरली तरी बेदाणा काळा पडतो व सौद्यात त्याला दर मिळत नाही. म्हणूनच मी शिराळा, आष्टा, मिरज आणि तासगाव येथील हौशी हवामान निरीक्षकांच्या गटात सामील झालो. त्यात शिक्षक आहेत, कृषी सेवा केंद्र चालवणारे आहेत, बागायतदारही आहेत. प्रत्येकाकडे तापमापक, वायुभारमापक आणि बांबूला बांधलेली कापडाची पट्टी असते.

गेल्या एप्रिलमधील त्या दुपारी आमच्याकडे पारा 39 अंशांवर होता आणि पूर्वेकडून मंद वारा होता. आभाळ जवळजवळ मोकळे होते. 3.10 वाजता शिराळ्याच्या सरांचा फोन आला : “वारा फिरला. पश्चिमेकडून धूळ घेऊन आलाय, पाऊस अजून डोंगरावरच आहे.” सह्याद्रीवरच्या ढगांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत विरतो, त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीलगत पसरत पुढे सरकते. या लोटाची पुढची कड छोट्या शीत आघाडीसारखी, म्हणजे उष्ण हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेच्या सीमेसारखी, वागते : वारा दिशा बदलतो, तापमान उतरते, वायुभार उसळी घेतो. खरी शीत आघाडी शेकडो किलोमीटर लांब असते आणि ती दक्षिणेला इतक्या खाली सहसा येत नाही. पण निरीक्षकाने टिपायच्या खुणा दोन्हीकडे त्याच.

3.55 ला आष्ट्यात पट्टी फिरली. 4.30 ला तासगावच्या आप्पांनी कळवले की दहा मिनिटांत वायुभार दोन हेक्टापास्कलने चढला आणि पारा नऊ अंशांनी उतरला. वायुभार आपल्याकडे रोज दुपारी चारच्या सुमारास तळाला असतो, त्यामुळे नेमक्या याच वेळी आलेली उसळी नजरेतून सुटत नाही. शिराळा ते तासगाव हे सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटर अंतर त्या वाऱ्याने 80 मिनिटांत कापले होते, म्हणजे ताशी 38 किलोमीटर. तासगावहून आमच्यापर्यंत 28 किलोमीटर उरले होते. सव्वापाचच्या सुमारास तो दारात येणार, असा हिशेब निघाला.

कामावरच्या मावशींनी आधी वरच्या थरांच्या बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडले. वारा सुटल्यावर ते हातात धरवत नाहीत, म्हणून दोर खांबांना आधीच आवळून बांधले. पश्चिमेची बाजू दुहेरी झाकली. शेजारच्या शेडवाल्यांनाही कळवले. 5.20 ला पूर्वेकडचा वारा थांबला, पट्टी बांबूला चिकटून लोंबली आणि मिनिटभरात पश्चिमेकडून आलेल्या पहिल्याच झोताने ती ताठ झाली. धूळ आली, पारा 38 वरून 30 वर उतरला. पाऊस त्यानंतर वीस मिनिटांनी आला. रॅकवरचा माल कोरडा राहिला.

बहुतेक हौशी मंडळी पर्जन्यमापकाच्या आकड्यातच रमतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाचा आकडा घडून गेल्यावर हाती येतो. वारा फिरल्याची वेळ मात्र पुढच्या गावाच्या उपयोगी पडते. नॉर्वेतील बर्गेन येथे हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस यांनी 1918 मध्ये शेतीला अंदाज देता यावेत म्हणून निरीक्षकांचे दाट जाळे विणले, त्यात शिक्षण घेतलेले हवामानतज्ज्ञ नसलेली सामान्य माणसेही होती. अशा नोंदींच्या आधारे त्यांच्या मुलाने, याकोब यांनी, 1919 मध्ये चक्रवातातील उष्ण व थंड हवेच्या सीमांची रचना मांडली. आज जगभर नकाशांवर काढल्या जाणाऱ्या आघाड्यांच्या रेषा तेथून आल्या.

आम्हीही रात्री सगळ्या वेळा जिल्ह्याच्या नकाशावर मांडल्या. मिरजेत वारा 4.50 ला फिरला होता, त्यामुळे रेषा दक्षिणेकडे मागे वळलेली दिसली, आणि तासगावनंतर तिचा वेग थोडा मंदावलेलाही कळला. जतच्या बाजूला आमचा एकही निरीक्षक नसल्याने रेषा कवठेमहांकाळपाशीच तुटते. तिकडच्या दोन शेडमालकांशी बोलणे झाले असून पुढच्या हंगामाआधी त्यांच्याकडे वायुभारमापक बसवायचा आहे.