पंखा जरा आवाज करतो

गाडीमागे जोडून न्यायचा, आत झोपता येईल असा छोटा ट्रेलर मी स्वतः बनवतेय. तो झाला का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: होत आलाय. होत आलाय म्हणण्यात सोय असते. झाला म्हटलं की लोक बघायला येतात, हात लावून बघतात, आत डोकावतात आणि काहीतरी बोलतात. ताई काल काही न विचारता आली आणि आत जाऊन झोपली.

मी तेव्हा मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या झाकणाच्या कडेचं रबर बसवत होते. गादी मापात बसते का एवढंच बघायचं म्हणून ती आत सारून ठेवली होती. चादर नाही, उशी नाही. "जरा टेकते," म्हणाली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही म्हणून दारातून वाकून पाहिलं तर गाढ झोपलेली. छतातला पंखा लावलेला, स्वेटरची घडी डोक्याखाली. मी परत रबराकडे गेले. ती उठली तेव्हा उन्हं उतरली होती. दाराच्या कडेवर बसून पायात चपला सरकवता सरकवता म्हणाली, "पंखा जरा आवाज करतो गं." आणि गेली.

बस्स. तेवढंच. आणि कालपासून मी त्यावरच आहे.

मला नक्की काय हवं होतं? तिनं छताकडे बघून वा म्हणावं असं? कदाचित हो, तेच. ज्या छताखाली ती झोपली त्याची रेघ मी प्लायवूडवर किती वेळा काढली आणि पुसली याचा हिशोब माझ्याकडे नाही. २४४ बाय १२२ सेंटीमीटरच्या फळीवर ठरावीक ठिकाणी खिळे ठोकायचे, त्यांच्या आधाराने पातळ लाकडी पट्टी वाकवायची, मग जमिनीला गाल लावून एक डोळा मिटून त्या पट्टीवरून नजर फिरवायची. कुठे पोट आलंय, कुठे खोलगट झालंय ते तसंच दिसतं. एखादा खिळा बोटभर सरकवला की सगळी रेघ बदलते. पुढे भरीव गोलाई आणि मागे हळूहळू उतरत जाणारी पाठ, ही रेघ एकदा मनासारखी आली तेव्हा मी ती पट्टी तशीच ठेवून खाली बसून राहिले होते. दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना शिकंज्यांनी आवळून एकदमच घासल्या, म्हणजे केसाचाही फरक नको.

मग आडव्या पट्ट्या, त्यावर ३ मिलिमीटरचं प्लायवूड. कोरडं वाकवलं तर तडकतं. गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल त्याच्यावर अंथरून, पट्टे टाकून, थोडं थोडं आवळत न्यावं लागतं आणि रात्रभर तसंच ठेवावं लागतं. त्या रात्री मी दोनदा उठून बघून आले. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा चिकटवायचा नाही, मधोमध स्क्रूही मारायचे नाहीत. फक्त कडांना पट्टीखाली धरून ठेवायचा. थंड रात्र आणि कडक दुपार यांत ४० अंशांचा फरक पडला तर अडीच मीटरचा पत्रा दोनेक मिलिमीटरने लांबतो, आणि त्याला सरकायला जागा नसेल तर तो फुगतो, सुरकुततो. म्हणून मोकळा. ताईला हे माहीत असायचं काही कारण नाही. तिला हे मी कधी सांगितलंही नाही. तरीही मला वाटत होतं की आत आडवं झाल्यावर माणसाला ते कळेल. वर बघितलं की कळेलच.

तिनं वर बघितलं नसेल. झोपलेला माणूस वर कशाला बघेल.

आज सकाळपासून हे असंच चाललंय. काम करायला घ्यावं तर हात थांबतो. मधेच वाटलं, कोणासाठी करतेय मी हे सगळं? सुट्टीचा एकही दिवस मोकळा ठेवला नाही, बोटांना इपॉक्सी गोंदाचे पापुद्रे, कोपर दुखतंय, लोकांची लग्नं-बारशी चुकवली, आणि मिळालं काय तर पंख्याची तक्रार. दादानं छत वाकवताना मदत केली तेव्हा त्यानंही काही म्हटलं नव्हतं, पण दादा कधीच काही म्हणत नाही, त्याचं वाईट वाटत नाही. ताईचं वाटतं. ताईचं नेहमीच वाटत आलंय. तो विषय पुढे नेला की कुठे जातो ते मला ठाऊक आहे. तिकडे आज नको.

दुसरं एक आहे, आणि खरं दुखणं बहुतेक तेच असावं. मी स्वतः अजून तिथे झोपले नव्हते. आत पुष्कळ वेळ काढलाय. गुडघ्यांवर, कुशीवर, वायरिंग करताना तासन्तास पाठीवर, तोंडात स्क्रू धरून, डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून चष्मा लावून. पण दोन्ही दारं लावून, दिवा मालवून, नुसतं पडायचं म्हणून पडले नव्हते. ते मी राखून ठेवलं होतं. पहिल्या मुक्कामाच्या रात्रीसाठी. कुणाला बोलले नव्हते, मनाशीच ठरवलं होतं. ती पहिली रात्र ताईनं भर दुपारी घेऊन टाकली, तिच्या लक्षातही आलं नाही.

लिहून झाल्यावर वाचतेय तर हे फार लहान मुलीसारखं वाटतंय. पण खोटं नाही.

संध्याकाळी पंखा ऐकायला गेले. आवाज असेल तर तो काढायला हवा, हे तर रागातही कळतं. पंखा हा काही चैनीचा भाग नाही. एवढ्याशा बंद जागेत दोन माणसं रात्रभर झोपली तर त्यांच्या श्वासातून ग्लासभर तरी पाणी बाहेर पडतं, आणि बाहेर गारठा असेल तर ते थंड पत्र्यामागच्या लाकडावर, खिडकीच्या काचेवर, गादीच्या खालच्या अंगाला जाऊन बसतं. वास येतो, बुरशी धरते, पुढच्या काही वर्षांत प्लायवूडचे थर सुटायला लागतात. म्हणून छतात पंखा आणि खिडकी बोटभर उघडी, एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. शेगडी म्हणूनच मागच्या झाकणाखाली आहे, भिंतीपलीकडे, आणि आत काहीही पेटवायचं नाही हा नियम दारावरच लिहून लावणार आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवलाय. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो उठवत नाही.

उभं राहून, दारातून आत डोकं घालून ऐकलं. घरघर, बस्स, कुठल्याही पंख्याची असते तशी. उंबऱ्यावर बसून ऐकलं. तेच. ताईला सवय नाही, घरी तिचा पंखा मोठा आणि लांब, असं म्हणून उठणार होते. मग वाटलं की ती बसून ऐकत नव्हती, आडवी होती.

शेवटी आत गेले. दारं लावली. दिवा बंद केला.

डोकं कुठल्या बाजूला करायचं याचा विचारच करावा लागला नाही, कारण ताईचा स्वेटर तिथेच राहिला होता, पुढच्या गोलाईच्या खाली, डाव्या अंगाला. म्हणजे तिनं डोकं पुढे आणि पाय मागे केले होते. पाय मागे म्हणजे कपाटाखाली. ट्रेलरच्या एकूण लांबीतली ६० सेंटीमीटर मागचं स्वयंपाकघर खातं, आणि उरलेल्या जागेत उंच माणसाचे पाय दुमडतात. म्हणून आतलं कपाट तळापासून वर उचललंय, पाय त्याच्याखाली सरळ सरकावेत म्हणून. त्या कपाटावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि कुणाला दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही. खाली नुसती रिकामी जागा आहे. ताईला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती आली, डोकं पुढे केलं, पाय त्या जागेत सारले आणि झोपली.

मी तिच्याच जागी पडले. थोडा वेळ घरघर. मग, पंखा सगळ्यात कमी वेगावर असताना, एक टिक. थांबून पुन्हा टिक. अगदी कानाशी. वेग वाढवला की घरघरीत बुडून जातो, कमी केला की वर येतो. डोकं दुसऱ्या बाजूला केलं तर ऐकूच येत नाही. उठून बसलं तर नाही. डाव्या कोपऱ्यात, डोकं टेकवून, निवांत पडलेल्या माणसालाच तो ऐकू येतो. छताला तळहात लावला तर बोटांना जाणवला, पातळ प्लायवूड तबल्याच्या पुडीसारखं तो बारीकसा ठोका उचलून मोठा करत होतं.

पंख्याची आतली चौकट उतरवली. १२ व्होल्टची वायर जिथून वळते तिथली क्लिप एका बाजूने मोकळी होती आणि पंख्याच्या थरथरीबरोबर वायर लाकडाला शिवत होती. दुरुस्ती म्हणाल तर दहा मिनिटांचं काम. दुसरी क्लिप लावली, वायरीखाली मागच्या झाकणाच्या रबराचा उरलेला तुकडा ठेवला, चौकटीचे स्क्रू एकेक करून समोरासमोरच्या जोडीने आवळले. पण ती वायर तशीच राहिली असती आणि रोज लाकडावर घासत राहिली असती तर वरचं प्लास्टिक कधीतरी सोललं गेलं असतं. फ्यूज आहे, हे खरं. तरी लाकडाच्या आणि फोमच्या पोटात उघडी वायर ही कल्पनाच नको. मी ते वायरिंग मल्टिमीटर लावून तपासलं होतं, दिवे, पंखा, चार्जिंग, सगळं चालत होतं. चालतंय का ते मी बघितलं. तिथे राहून कसं वाटतं ते ताईनं बघितलं.

परत जाऊन पडले. टिक गेला.

आणि मग उठावंसं वाटेना. १९३०च्या दशकात अमेरिकेत लोकांनी हे थेंबाच्या आकाराचे ट्रेलर बनवायला सुरुवात केली. पुढे मासिकांतून त्यांचे आराखडे छापून यायचे, घरच्या घरी कुणालाही जमावेत म्हणून. युद्ध संपल्यावर विमानांचं शिल्लक ॲल्युमिनियम मिळू लागलं आणि ते यांच्या पाठीवर चढलं. मी ते जुने आराखडे इतके बघितलेत की मिटल्या डोळ्यांनी मापं सांगेन. काल रात्रीपर्यंत मला त्यांत बनवणारा माणूस दिसायचा, हातात करवत, कानावर पेन्सिल. त्याच्या घरातले बाकीचे कधी मनात आले नव्हते. कोणीतरी आत शिरून झोपलं असेलच ना. सकाळी उठून दार करकरतं म्हणालं असेल. त्यानंही मान खाली घालून तेल घातलं असेल.

हे मनात आलं आणि जरा बरं वाटलं. पूर्ण नाही. ताईनं एक शब्द तरी बोलायला हवा होता असं मला अजूनही वाटतं आणि उद्याही वाटेल. पण ती दुपारी कधीही झोपत नाही. कुठेच नाही, आमच्याकडे नाही, स्वतःच्या घरी नाही, त्या सगळ्या प्रकारानंतर तर रात्रीसुद्धा नीट नाही. ते मला काल आठवायला हवं होतं, रबर बसवताना.

आता राहिलेलं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या पुढच्या टोकावर येणारं वजन पुन्हा मोजायचं. गादी, बॅटरी आणि शेगडी धरून ट्रेलर ४३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे टोकावर ४३ ते ६५ किलो यायला हवं. त्याहून कमी आलं तर वेगात ट्रेलरची शेपूट हलायला लागते आणि ती एकदा हलायला लागली की आवरणं कठीण. मागे स्वयंपाकघर भरलं की टोक हलकं होतं, म्हणून पाण्याचा कॅन पुढेच ठेवायचा. घरातला वजनकाटा चालतो, टोक त्यावर टेकवायचं, मात्र ट्रेलर सपाट उभा हवा. सुरक्षेच्या साखळ्या टोकाखाली फुलीसारख्या आडव्यातिडव्या, म्हणजे जोडणी सुटलीच तर टोक रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत पडेल. ब्रेकचे आणि वळणाचे दिवे कुणाला तरी मागे उभं करून. चाकांचे नट पाना लावून नीट आवळलेत, पण पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायचे आणि तेव्हाच चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघायचं, फार तापलं असेल तर बेअरिंगमध्ये काहीतरी बिघाड आहे. कपाटाच्या कड्या आल्या नाहीत, त्या राहू देत. आतल्या कडेला वॉर्निशचा शेवटचा हात राहिलाय, तोही राहू दे. आत्ता दिला तर शनिवारपर्यंत वास जाणार नाही.

शनिवारी निघायचं हे आता नक्की. होत आलाय असं आजपासून म्हणणार नाही.

एक गोष्ट उरली. जागा दोघांची आहे. दोघांची का केली, ते मी इथे लिहिणार नाही, तेव्हा कारण वेगळं होतं. आता ती उजवी बाजू रिकामी जाणार असं धरूनच चालले होते आणि तिथे पिशव्या ठेवायचं ठरवलंही होतं. ताईचा स्वेटर द्यायचाच आहे. त्या निमित्ताने फोन करून शनिवारचं विचारते. पंखा नीट केला तेही सांगते, पण ते नंतर, आधी विचारते. साडेदहा झालेत, जागीच असेल.