काचेआडच्या वस्तू आणि अनाम हात

रविवार, रात्री

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज सासूबाईंना घेऊन गेले होते. दिनकर गंगाधर केळकरांनी सुमारे १९२० पासून गावोगाव हिंडून जमवलेल्या आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच येथे मांडलेल्या आहेत, तरी तेवढ्या पाहतानाही पाय दुखून येतात. अडकित्ते, सोरे, समया, कुंकवाचे करंडे, टाच घासायच्या वज्री. बायकांच्या रोजच्या वापरातील या वस्तूंना कलाकृतीचा मान मिळावा, ही केळकरांची दृष्टी मला अजूनही थोर वाटते. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात.

तरीही आज मन अडखळले ते चिठ्ठ्यांपाशी. वस्तू कोणत्या धातूची, कुठली आणि कोणत्या शतकातील, एवढे कळते. ती कोणाच्या हातात झिजली, हे कळत नाही. ज्या सोऱ्याचे नक्षीकाम आपण वाखाणतो, त्यात घालायचे पीठ किती घट्ट मळायचे आणि तेल कितपत तापू द्यायचे, हे ज्ञान कोणा कारागिराचे नव्हते, ते चुलीपुढच्या बाईचे होते. सासूबाई एका अडकित्त्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "अशी सुपारी कातरायला माझ्या आत्याबाईंनी शिकवलं. चकती पातळ झाली नाही तर पुन्हा बसवायच्या." त्या कौशल्याला घरात कोणी कला म्हटले नाही, त्याचे मोल तर सोडाच. वस्तू पुरुषाने विकत घेऊन काचेत ठेवली की ती मौल्यवान ठरते, आणि तीच वापरणे मात्र घरकाम!

संग्रह उभारताना कमलाबाई केळकरांनी पतीला साथ दिली, असे सांगतात. 'साथ' म्हणजे नेमके काय, याचा तपशील मला हवा होता. घरात शेकडो जुन्या वस्तू येत असताना त्या ठेवायच्या कुठे, घासायच्या कोणी आणि महिन्याचा खर्च भागवायचा कसा, हे प्रश्न कोणीतरी सोडवलेच असणार. संग्रहालयाच्या नावात बालपणीच गेलेला मुलगा राजा आहे, दिनकरराव आहेत, कमलाबाई नाहीत.

सर्वांत जास्त गर्दी मस्तानी महालापाशी होती. कोथरूडच्या महालातील अवशेष आणून हे दालन पुन्हा उभारले आहे. छत्रसालाची ही मुलगी पहिल्या बाजीरावाच्या आयुष्यात आली, त्याच्या घरच्यांनी तिला कधी स्वीकारले नाही, तो मोहिमेवर असताना पुण्यात तिला कैदेतही ठेवले, आणि १७४० मध्ये त्याच्या मृत्यूपाठोपाठ तीही गेली. एवढे सोसलेल्या बाईविषयी आमच्या लोकांना आजही प्रथम आठवते ते तिच्या गळ्यातून उतरताना दिसणारे पानाचे लाल पाणी. आज एक गृहस्थ आपल्या मुलीला तेच रंगवून सांगत होते. तिचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी १७६१ मध्ये मरण पावला, हे मी मध्येच बोलले, तेव्हा त्यांनी सौजन्याने मान हलवली आणि पुन्हा पानाकडे वळले. त्यांच्या मुलीने मात्र मला विचारले, "मग त्याच्या आईला घरात का घेतलं नाही?" वडिलांनी तिला पुढच्या दालनात नेले.