डूला निवडताना आम्ही काय पाहिलं

घरचं कुणी बाळंतपणाला इकडे येऊ शकणार नाही हे पक्कं झालं, तेव्हा आम्ही डूला, म्हणजे बाळंतपणात आईजवळ राहून तिला धीर आणि आधार देणारी बाई, शोधायला लागलो. फोनवर तिकडून सगळे विचारायचे, ही बाई बाळंतपण करते का? नाही. डूला तपासणी करत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषधही देत नाही. ते काम डॉक्टर आणि मिडवाइफचं. पण त्यांच्या पाळ्या बदलतात, त्यांना इतर खोल्यांतही जायचं असतं. डूला तुमच्याजवळून हलत नाही.

आणि याने फरक पडतो. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेल्या आढाव्यात १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. कळा देताना ज्यांना सतत कुणाची तरी साथ होती, त्यांच्यात सिझेरियनचं प्रमाण कमी आणि प्रसूतीचा वेळही थोडा कमी आढळला. ही साथ डूलाचीच हवी असं नाही, नवरा किंवा मैत्रीणही ती देऊ शकते. पण आम्हा दोघांचीही ही पहिलीच वेळ, त्यामुळे अनुभवी माणूस जवळ असावं असं मला मनापासून वाटत होतं.

बहुतेक देशांत डूलाला सरकारी परवाना लागत नाही. थोडंफार प्रशिक्षण घेतलेली, किंवा अजिबात न घेतलेली बाईही स्वतःला डूला म्हणवू शकते. म्हणून प्रशिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांना हजर होती, हे विचारायलाच हवं. त्याच सुमाराला तिने आणखी किती जणींना शब्द दिलाय? ती आजारी पडली किंवा दुसरीकडे अडकली तर बदली कोण येणार, आणि त्या बदलीला आधी भेटता येईल का? साधारण ३८व्या आठवड्यापासून बऱ्याच डूला कधीही फोन आला तरी निघायच्या तयारीत असतात. हे सगळं करारात लिहून घ्या.

तरी माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. एका डूलाने पहिल्याच भेटीत सांगितलं की तिच्याकडच्या बायकांना एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध, लागत नाही. मला तिथेच नको वाटलं. मी ऐन वेळी एपिड्युरल मागितलं तर हिच्या चेहऱ्यावर काय दिसेल? सिझेरियन करावं लागलं तर मी हरले असं हिला वाटेल का? जी खात्री देते किंवा डॉक्टरांचं ऐकू नका म्हणते, तिच्यापासून लांब राहावं हे माझं ठाम मत आहे.

जिला आम्ही निवडलं, तिने स्वतःबद्दल सांगण्याआधी विचारलं, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मी बोलत राहिले, ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग नवऱ्याला विचारलं, "आणि तुला?" तोवर त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. कळ आली की माकडहाडाच्या थोडं वर तळहाताने कसं दाबून धरायचं, हे तिने त्यालाच शिकवलं. हात त्याचा, वर तिचा, आणि मी सांगायचं: अजून जोरात, जरा खाली. तो बाजूला पडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

बाळंतपणानंतरचा विषय आधीच काढा. काही जणी प्रसूतीनंतर एकदा भेटून जातात, काही जणी तासांवर घरी येतात: बाळाला पाजायला बसवून देतात, बाळ सांभाळतात म्हणजे आई झोपू शकते. नव्या आईची उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर डॉक्टरांकडे जायला सांगणारं माणूस घरात असणं फार मोलाचं आहे. पैसे मोजकेच असतील तर ते मी या दिवसांसाठी राखून ठेवेन.

आणि कुणालाही भेटण्याआधी हॉस्पिटलला फोन करून विचारा, प्रसूतीच्या खोलीत किती जणांना सोडतात. एकालाच सोडत असतील, तर नवरा की डूला हे आधी घरात बोलून ठरवावं लागेल.