पाठपिशवीत नंबरप्लेट आणि साडेसहाशे किलोमीटरवर गाडी

गेल्या शुक्रवारी पहाटे श्टुटगार्टहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या आगगाडीत बसलो, तेव्हा माझ्या पाठपिशवीत पोळीभाजीचा डबा, चार लिंबे आणि सरकारी शिक्का लागलेल्या दोन नंबरप्लेट होत्या. ज्या गाडीला त्या लावायच्या होत्या, ती साडेसहाशे किलोमीटरवर उभी होती आणि मी तिला फक्त छायाचित्रांत पाहिले होते. पुण्याला फोनवर हे सांगितल्यावर बाबांनी एवढेच विचारले, "अरे, तुमच्या गावात गाड्यांचे दुकान नाही का?"

दुकाने भरपूर आहेत. मर्सिडीज आणि पोर्शे या दोन्हींची मुख्यालये याच गावात आहेत. परंतु आम्हाला परवडणारी साधी गाडी हॅम्बुर्गच्या विक्रेत्याकडे अठराशे युरोंनी स्वस्त होती. रेल्वेचे तिकीट, पेट्रोल आणि वाटेतली कॉफी वजा केली तरी हजाराच्या वर बचत होते, हे मी बाबांना दोनदा आणि बायकोला तीनदा समजावून सांगितले आहे. (कारखान्यातून विक्रेत्यापर्यंत गाडी आणण्याचे पैसे बिलात वेगळे लावतात आणि तरीही उरलेली वाट आपणच तुडवायची असते, हे मात्र मी दोघांनाही सांगितलेले नाही.)

पैसे आधी भरावे लागले. न पाहिलेल्या माणसाच्या खात्यात आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम पाठवून मी चार दिवस टपालपेटीकडे डोळे लावून बसलो होतो. पाचव्या दिवशी गाडीच्या मालकीचा कागद, ज्याला इथे सगळे नुसते 'ब्रीफ' म्हणतात, रजिस्टर टपालाने आला. तो, विमा कंपनीने दिलेला सात अक्षरांचा संकेतांक आणि मोटार कर बँक खात्यातून परस्पर वळता करून घेण्याची संमती एवढे घेऊन मी नोंदणी कार्यालयात गेलो. हे काम ऑनलाइनही होते. पण पहिलीच वेळ असल्यामुळे समोर माणूस असलेला बरा, असे वाटले.

कार्यालयाने क्रमांक दिला. प्लेट मात्र आपण बाहेरून करून आणायची. दाराबाहेर खासगी दुकानेच असतात. दुकानदाराने ॲल्युमिनियमची कोरी पट्टी यंत्रात दाबून अक्षरे उठवली, ती तापलेल्या रुळाखालून काढून काळी केली आणि माझ्या हातात दिली तेव्हा ती पहिल्या वाफेच्या भाकरीसारखी गरम होती. पसंतीच्या क्रमांकासाठी १० युरो २० सेंट जास्त पडतात. श्टुटगार्टच्या 'एस'पुढे मी 'एमएच' मागितले आणि ते मिळालेही. पण त्यापुढचा १२ कोणीतरी आधीच घेऊन ठेवला होता. तो पुणेकरच असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्लेट घेऊन परत खिडकीशी गेल्यावर बाईंनी त्यांवर राज्यचिन्हाची गोल चकती चिकटवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. या कार्यालयातल्या कोणीही माझी गाडी पाहिली नव्हती, मीही पाहिली नव्हती, आणि तरी त्या दोन पट्ट्या मी पिशवीत टाकून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेणार होतो. मला याचे कौतुक वाटते, हे कबूल करतो. आपल्याकडे आरटीओच्या आवारात एजंटाशिवाय पाऊल टाकायला माणूस कचरतो. तरीही न्यायाने सांगायचे तर पुण्यात नवी गाडी घेताना मला आरटीओचे तोंडही पाहावे लागले नव्हते. नोंदणी, नंबरप्लेट, हार, पेढे आणि फोटो हे सगळे विक्रेत्यानेच केले होते. जर्मनीतही विक्रेता शुल्क घेऊन नोंदणी करून देतो. पण शंभर-दीडशे युरो वाचवण्याचा मोह मला आवरला नाही.

आगगाडीत समोरच्या आजोबांनी पिशवीतून डोकावणारी प्लेट पाहिली आणि विचारले, "गाडी आणायला निघालात वाटतं?" मग त्यांनी बजावले, की धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारे जाकीट गाडीत नसेल तर आवाराबाहेर पडू नका, कारण ते सक्तीचे आहे आणि विक्रेता ते देईलच असे नाही. त्याने खरोखरच दिले नव्हते. वेगळे पैसे मोजून घ्यावे लागले.

प्लेट लावून झाल्यावर मी चारही चाकांखाली लिंबे ठेवली. विक्रेत्याचा तरुण मदतनीस हात मागे बांधून गंभीरपणे पाहत होता. गाडी हातभर पुढे घेतल्यावर त्याने विचारले, "हे ब्रेकच्या तपासणीसाठी आहे का?" मी हो म्हणालो. अधिक समजावण्याइतके जर्मन मला येते, पण धीर झाला नाही. स्वच्छ फरशीवर रस पसरलेला पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. मी कागदी रुमालाने फरशी पुसली आणि चेपलेली लिंबे पोळीच्या रिकाम्या डब्यात भरली.

परतीचा रस्ता म्हणजे ए-७ ने हनोवर, कासेल, वुर्त्सबुर्ग आणि मग ए-८१. शुक्रवार दुपारची गर्दी होती आणि नव्या इंजिनाला पहिले हजारभर किलोमीटर ताण द्यायचा नसतो, त्यामुळे वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यातही मी ११० वरच होतो. कासेलच्या चढणीवर तर मालवाहू ट्रकांच्या रांगेत. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. बायको आरतीचे तबक घेऊन खाली आली. ओवाळून झाल्यावर मी डब्यातली लिंबे ओल्या कचऱ्याच्या तपकिरी पेटीत, आवाज होणार नाही अशा बेताने, टाकून आलो.